गाळा नं. ३ : शेगडीचा ब्लोअर बंद पडतोय

ए-१०२ : सुलभाकाकू, आज परत साडेअकराला धूर आमच्या बाल्कनीतून आत आला. बाळाला घेऊन मागच्या खोलीत दार लावून बसले होते. भांडायला लिहीत नाही, पण हा तिसरा दिवस आहे.

सुलभा (गाळा ३) : मलाच फार वाईट वाटतंय गं. पेलेटच्या शेगडीचा ब्लोअर, म्हणजे वारा देणारा पंखा, मधेच बंद पडतो. वारा गेला की विस्तव नुसता धुमसतो. वीसेक मिनिटांनी आपोआप चालू होतो. वायरमन येऊन टेस्टर लावून गेला. म्हणाला लाईट आहे, मोटर गेलीय, बदला.

सी-३०१ : पेलेट ओले असतील. पावसात भुशाच्या कांड्या लगेच फुगतात.

बी-४०४ : ओल्या पेलेटने धूर होईल, पंखा कशाला थांबेल? सुलभाताई, मोटर आज घेऊ नका. ब्लोअर थांबतो तेव्हा रेग्युलेटरचा लाल दिवा राहतो की तोही जातो? आणि त्या वेळी आणखी काय चालू असतं?

सुलभा (गाळा ३) : दिवाही जातो काका. वेळा कॅलेंडरवर लिहिल्यात. सोमवारी ११.२५, काल ११.४०, आज ११.३०. तेव्हा कणीक मळायचं यंत्र चालू असतं, त्याच एक्स्टेन्शनवर. तेही अडखळून थांबतं, मला वाटलं कणीक घट्ट झाली.

बी-४०४ : वेळा लिहिल्यात हे फार बरं केलंत. मोटर तापून तिला बंद करणारा आतला कटआउट पडला असता तर पंखा थांबला असता, दिवा राहिला असता. इथे दिवा, पंखा, यंत्र सगळंच जातंय. म्हणजे वीज पुढे येतच नाही. मला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, सैल वाटतो. न्यूट्रल सुटला तरी टेस्टर फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर, पेटतोच, आणि काही यंत्र जोडलेलं असेल तर न्यूट्रलच्या भोकातही पेटतो. वायरमन तिथेच चकला. कारखान्यात मेंटेनन्सला असताना याच पायी मी दोन चांगल्या मोटरी उतरवल्या होत्या.

सी-३०१ : पण मग सकाळी बरा कसा चालतो?

बी-४०४ : एकट्या ब्लोअरला करंट अगदी थोडा लागतो. कणकेचं यंत्र त्याच्या कितीतरी पट ओढतं. सैल जोडातून तेवढा करंट गेला की जोड तापतो, संपर्क सुटतो. निवला की पुन्हा टेकतो. ही तुमची वीस मिनिटं.

सेक्रेटरी : काका, मीटर रूममधला न्यूट्रल तर नाही ना? आख्ख्या विंगची काळजी वाटते.

बी-४०४ : तो सुटला असता तर शेजारच्या गाळ्यांतले दिवे कुठे मंद, कुठे भगभगीत झाले असते. २३० च्या जागी कुणाला ३०० च्या वर व्होल्ट जाऊन फ्रिज जळले असते. तसं कुणाकडे नाही. ताई, गाळ्याचा मेन बंद ठेवा, बोर्डाला हात लावू नका. पाचला वायरमनला घेऊन येतो.

(सायंकाळी ६.१०)

बी-४०४ : सापडलं. भिंतीतल्या सॉकेटमागे न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं, प्लॅस्टिक वितळायला लागलेलं. असंच चालू राहिलं असतं तर आग लागू शकली असती. सॉकेट बदलला, यंत्राला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट दिला, एक्स्टेन्शन काढून टाकलं. ब्लोअरच्या जाळीत पीठ आणि राख गच्च बसली होती, तीही झाडली. मोटर उत्तम आहे.

आणि ताई, धूर वर जाऊ नये म्हणून आज तुम्ही शटर अर्धं ओढलं होतंत असं कळलं. तसं कधीही करू नका. धुमसत्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी कोसळतो. ब्लोअर थांबला की नवे पेलेट टाकायचे नाहीत, शटर पूर्ण उघडायचं आणि आपण बाहेर यायचं.

ए-१०२ : काकू, माझ्यासाठी शटर ओढत होतात? अहो, नका हो. मला फक्त एक फोन करा, मी खिडक्या लावून घेईन.

सुलभा (गाळा ३) : करते गं. उद्या ११ ला पहिली कणीक मळणार, काका समोर बसून बघणार आहेत. मोटरचे पैसे वाचले, आणि वायरमनने आज मजुरीही कमी घेतली.