पेडण्यात फ्लॅट की बांद्यात घर? सीमेच्या दोन्ही बाजूंनी राहिलेल्यांनी सांगा

म्हापसेकर_भाडेकरू

नमस्कार मंडळी. मी मूळचा गोव्यातल्या बार्देशचा. वडिलोपार्जित घर आहे, पण त्यात चार चुलत्यांचे हिस्से आणि छपरावर पिंपळ. त्यामुळे गेली अकरा वर्षं म्हापशात भाड्याने राहतो. आता घरमालकाला जागा पर्यटकांना द्यायचीय, चवथीनंतर खाली करा म्हणतोय. नोकरी पर्वरीत. घरात आई (वय 74, मधुमेह), बायको आणि नववीतली मुलगी.

जमवलेल्या पैशात पेडणे तालुक्यात दोन खोल्यांचा फ्लॅट बसतो, तोही ओढूनताणून. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिकडचे भाव विचारायची सोय राहिली नाही. बायकोचं माहेर बांदा, सीमेपलीकडे महाराष्ट्रात, सिंधुदुर्गात. तिच्या नात्यातलं एक कौलारू घर विकायचंय. चार गुंठे जागा, विहीर, तीन माड, एक रतांबा. किंमत फ्लॅटच्या निम्म्याहून थोडी वर.

बायको म्हणते, "अर्ध्या तासाचा तर रस्ता, राज्य बदलल्याने माणूस बदलतो का?" आईचं म्हणणं वेगळं. तिला सकाळी दारात पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. मला दोघींच्या मध्ये उभं राहायचंय. हिशेब कसा मांडायचा?

इन्सुलीचा_पाव्हणा

दादा, मी सहा वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं. म्हापसा सोडून इन्सुलीत घर घेतलं. नोकरी अजून गोव्यातच, करासवाड्याला. सकाळी सीमेवर पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी उभे राहा, एमएच-07 च्या, म्हणजे सिंधुदुर्गाच्या, दुचाकींची रांग बघा. त्यातलाच मी एक. माणूस बदलत नाही हे वहिनींचं खरं. पेडण्यातली कोंकणी आणि बांद्यातली मालवणी ऐकून कुणाचं गाव कुठलं हे सांगणं मला अजून जमत नाही. दशावतार दोन्हीकडे, चवथही दोन्हीकडे.

बदलतात ते कागद. आणि ते बदलले की मगच कळतं आपण कशावर जगत होतो.

पहिला कागद दवाखान्याचा. गोव्यातल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. मी पत्ता बदलला आणि कार्ड गेलं. महाराष्ट्रात महात्मा फुले योजना आहे, नाही असं नाही. पण रात्री दोनला छातीत दुखायला लागलं की सिंधुदुर्गातला माणूस आजही गाडी दक्षिणेला वळवतो, बांबोळीच्या गोमेकॉकडे, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजकडे. ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं तरी पायाला ती सवय आहे. 2018 च्या जानेवारीपासून गोमेकॉत बाहेरच्यांना शुल्क लागलं, तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन झालं होतं आठवा. माझ्या वडिलांना नेलं तेव्हा खिडकीवरच्या मुलीने आधार कार्ड बघितलं आणि विचारलं, "महाराष्ट्र?" मी तिथून चार किलोमीटरवर शाळेत गेलोय! पण तिच्या दृष्टीने मी महाराष्ट्र. तिची चूक नाही, कागदावर तेच लिहिलंय.

आईंना मधुमेह आहे, म्हणून हे आधी लिहिलं.

आता स्वस्ताईचं. घर स्वस्त, घरपट्टी कमी, भाजी परसात. पण महावितरणचं पहिलं बिल आलं तेव्हा बायकोने मीटर खराब आहे म्हणून तक्रार केली. मीटर ठणठणीत होता, गोव्याच्या दराची सवय वाईट. पेट्रोल मी आजही गोव्यातच भरतो, लिटरमागे सात-आठ रुपये तरी वाचतात. आमच्याकडे कुणी गोव्यात निघालं की सांगणं ठरलेलं, "येताना टाकी फुल्ल करून ये रे." गाडी मात्र जीए पाटीची ठेवायची म्हणालात तर बारा महिन्यांच्या वर तसं चालत नाही, नोंदणी बदलावी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो.

आणि सीमेवरचा दारू तपासणीचा नाका. एकदा बहिणीने म्हापशाहून कोकमाचं आगळ दिलं, तेही रमच्या रिकाम्या बाटलीत. रंग काय विचारूच नका. पोलिसाने झाकण उघडून वास घेतला, मग बोटावर घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मीठ जास्त झालंय." तेव्हापासून आगळ प्लास्टिकच्या बाटलीतच.

एकचौदा_विरुद्ध_सातबारा

मी वकिलाच्या ऑफिसात कारकून आहे, वकील नाही. तरी दोन गोष्टी सांगतो, कारण अशा फायली रोज बांधतो.

सातबारा काढलात का? गोव्यात आपण जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघतो आणि सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आहे का विचारतो. तिकडे सातबारा बघायचा आणि जागा बिनशेती आहे का ते विचारायचं. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. 'चार गुंठे, तीन माड' वाचल्यावर मला आधी हीच शंका आली. घर गावठाणात असेल तर गोष्ट वेगळी. आणि सातबाऱ्यावर नावं किती ते मोजा. कोकणात एक नाव म्हणजे नवल. मुंबईतली आत्या सही द्यायला तयार असते, पण तिची सून नसते.

दुसरं, तुम्ही गोंयकार म्हणून वारशाला पोर्तुगीज वळणाचा कायदा, म्हणजे मुलांचा अर्धा वाटा राखीव. मृत्युपत्राने तो कुणाला काढून घेता येत नाही. बांद्याचं घर गोव्याबाहेर, मग तिथे हिंदू वारसा कायदा, असं बरेच जण धरून चालतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं: गोव्याच्या अधिवासी माणसाची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने. त्या खटल्यात मालमत्ता मुंबईची होती. वकिलाला हे विचारूनच खरेदीखत करा.

पेडणेंकार

सगळे मोठ्यांचं बोलताय, पोरीचं कोण बघणार? नववीत आहे ती. माझ्या भाच्याचं असंच झालं. दहावी गोवा बोर्डातून, मग घर सावंतवाडीला हलवलं, बारावी तिकडची. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही तिथली लागतात, शिवाय अधिवास. गोव्यातल्या सरकारी नोकरीलाही 15 वर्षांचा रहिवासी दाखला मागतात. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. घ्यायचं तर मुलीची बारावी होईपर्यंत थांबा. नाहीतर घर घ्या, पण बिऱ्हाड इकडेच ठेवा.

बायकांना सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या पैशाचं म्हणाल तर फिट्टंफाट. आपल्याकडे गृह आधारचे 1500, तिकडे लाडक्या बहिणीचे 1500.

पेडण्यात सगळं गोड आहे असंही नाही. आमच्या नळाला येणारं पाणी तिळारीचं, धरण दोडामार्ग तालुक्यात. कालवा तिकडे फुटला की बादल्या घेऊन आम्ही इकडे उभे.

इन्सुलीचा_पाव्हणा

पाण्यावरून आठवलं. बांद्यात घर नेमकं कुठे आहे? बाजारपेठेच्या बाजूला, तेरेखोलच्या अंगाला असेल तर 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. विकणाऱ्याला नको, शेजाऱ्याला. नवा रंग दिला असेल तर पाण्याची खूण बघायला मागच्या पडवीत जा, तिथे कुणी रंग देत नाही.

म्हापसेकर_भाडेकरू

सगळ्यांचे आभार. पोरीच्या बारावीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, बायकोलाही वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "घर तरी बघून येऊ." सातबारा ऑनलाइन काढला. सात नावं आहेत, त्यातली दोन मयत. बिनशेतीचा उल्लेख कुठे दिसला नाही, पण घर गावठाणात असल्याचं बायकोचा मामा छातीठोकपणे सांगतोय.

रविवारी जातोय. मापाची टेप घेतलीय, मागच्या पडवीसाठी. आईही येते म्हणाली. तिने एकच विचारलं, तिकडे उंडे (गोव्याचे गोल पाव) मिळतात का. बांद्यातल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.