मदत हवी आहे: पूना हॉर्सच्या फ्रँक द पासबद्दल

नमस्कार मंडळी. मी शिरूरचा, म्हणजे आमच्या भाषेत घोडनदीचा. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मला अर्धा तास बोलायचंय. विषय मीच उत्साहाच्या भरात देऊन बसलो: ‘शिरूरच्या छावणीतून फ्रान्सच्या खंदकात’. आता घाम फुटलाय.

लेफ्टनंट फ्रँक द पास, 34वा पूना हॉर्स (इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतली घोडदळाची पलटण). जन्म लंडन, 1887. वुलिचच्या तोफखाना अकादमीत शिकला, 1906 साली तोफखान्यात कमिशन मिळालं, 1909 मध्ये हिंदुस्थानात आला आणि मग पूना हॉर्समध्ये गेला. 24 नोव्हेंबर 1914 रोजी फ्रान्समध्ये फेस्तुबेरजवळच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान), पण तो मरणोत्तर. दुसऱ्याच दिवशी गोळी लागून गेला. वय 27. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला ज्यू.

अडचण अशी की जिथे बघावं तिथे त्या शेवटच्या दोन दिवसांचंच वर्णन. हिंदुस्थानातली पाच वर्षं कोणी दोन ओळींच्या पुढे नेत नाही. एका संग्रहालयाला पत्र पाठवलं, दोन महिने झाले, उत्तर नाही. म्हणून इथे विचारतो:

घोडदळातला माणूस खंदकात बॉम्ब घेऊन काय करत होता? कुठे त्याला ‘इंडियन आर्मीचा पहिला व्हीसी’ म्हणतात, कुठे खुदादाद खान या हिंदुस्थानी शिपायाला. खरं काय? आणि पूना हॉर्स म्हणजे आपलीच माणसं ना? त्याच्याबरोबर त्या ‘सॅप’मध्ये, म्हणजे शत्रूने पुढे खणत आणलेल्या अरुंद वाटेत, उतरलेले सवार मराठे होते, असं मी पत्रिकेत छापायला दिलंय.

— घोडनदीकर

प्रतिसाद: जुना_रिसाला

पत्रिका आधी थांबवा! नाव पूना, पण 1914 साली त्या पलटणीत राठोड राजपूत आणि कायमखानी मुसलमान यांचा मोठा भरणा होता. 1817 साली पेशव्यांशी झालेल्या पुणे तहातून हे घोडदळ उभं राहिलं, म्हणजे खर्च बाजीरावाच्या मुलखातून आणि घोडी इंग्रजांच्या कामाला. नाव तेवढं पुण्याचं राहिलं, भरती हळूहळू उत्तरेकडे सरकली.

शब्द मात्र आपले टिकले. ही शिलेदारी पलटण होती. सवाराने भरती होताना घोड्यासाठी पैसे भरायचे, घोडं-सामान त्यातून, आणि सरकारकडून येणाऱ्या पगारात घोड्याचा दाणावैरणही भागवायचा. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिवकालातले शिलेदार-बारगीर इंग्रजी फौजेत विसाव्या शतकापर्यंत पोचले! पहिल्या महायुद्धात घोडी आणि माणसं इतक्या झपाट्याने खर्ची पडली की पद्धत कोलमडली, आणि युद्धानंतर ती बंदच केली. व्याख्यानात यावर दहा मिनिटं घ्या, लोक जागे राहतील.

प्रतिसाद: वैशाली_कु

खंदकाचं सांगते. 1914च्या हिवाळ्यात पायदळ इतकं कमी पडलं की घोडदळाच्या पलटणी घोडी मागे ठेवून पाळीपाळीने खंदकात जात. जर्मनांनी आपल्या खंदकातून अरुंद चर खणत पूना हॉर्सच्या तोंडाशी आणला होता. द पास दोन सवारांना घेऊन त्यात रांगत गेला, टोकाशी जर्मनांनी उभारलेल्या आडव्या बांधाच्या झरोक्यात स्फोटक ठेवलं आणि बांध उडवला. नंतर उघड्यावर पडलेल्या एका जखमी शिपायाला भर गोळीबारात आत आणलं. पुढे तो चर जर्मनांनी परत घेतला, आणि तो पुन्हा काबीज करताना हा मारला गेला. हातबॉम्ब तेव्हा पुरेसे नव्हते, जॅमच्या डब्यात दारू भरून काम भागवत.

‘पहिला’चा घोळ सोपा आहे. खुदादाद खान (129वी बलुची) यांचा पराक्रम 31 ऑक्टोबर 1914चा. गढवाल रायफल्सचे दरवानसिंग नेगी यांचा 23-24 नोव्हेंबरच्या रात्रीचा, तोही फेस्तुबेरलाच! द पास हा इंडियन आर्मीतला या युद्धातला पहिला *ब्रिटिश अधिकारी* व्हीसी. शब्द सांभाळून वापरा. हिंदी शिपायाला व्हीसी मिळायची मुभाच मुळी 1911 साली आली. त्याआधी कितीही मोठं काम केलं तरी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट या पदकापाशी थांबायचं.

प्रतिसाद: जुना_रिसाला

वैशालीताईंनी बरोबर दुखरी नस पकडली. 1857ची खुशाबची लढाई घ्या, इराणातली. तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाचा चौक, म्हणजे चारही बाजूंनी तोंड करून उभा केलेला चौकोनी व्यूह, फोडला. मूर या इंग्रज अधिकाऱ्याचं घोडं आत पडलं, तलवार मोडली, माल्कमसन या दुसऱ्या अधिकाऱ्याने गर्दीतून घुसून त्याला आपली रिकीब धरायला दिली आणि बाहेर काढलं. दोघांना व्हीसी. मागून घुसलेल्या सवारांना तो मिळणं शक्यच नव्हतं.

आणि घोडनदीकर, ही तिसरी बॉम्बे 1820 साली तुमच्याच शिरूरला उभी राहिली. 1921 साली ती (तेव्हा 33वी) आणि 34वा पूना हॉर्स एक झाले. म्हणजे शिरूरचा धागा तुम्हाला द पासपेक्षा इथे जास्त घट्ट सापडेल.

शोधायचं तर पलटणीची युद्ध-दैनंदिनी लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, सेवापत्रकं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस कागदांत. व्हीसीची घोषणा 18 फेब्रुवारी 1915च्या लंडन गॅझेटमध्ये, ती घरबसल्या वाचता येते. द पासची कबर फ्रान्समधल्या बेथून शहराच्या दफनभूमीत.

घोडनदीकर:

दोघांचेही आभार. छापखान्यात फोन केला, ‘मराठे’ शब्द काढला. (तो माणूस म्हणाला, ठेवा की, कोण बघतंय.) आता सुरुवात खुशाबपासून करतो.

शेवटचं एक. त्या ‘सॅप’ला मराठीत काय म्हणू? बखरीत ‘मोर्चे पुढे चालवले’ असं येतं, पण आमच्या पोरांना मोर्चा म्हटलं की तहसील कचेरी आठवते.

वैशाली_कु: चर म्हणा सरळ. पाइपलाइनसाठी खणतात तसा, कमरेइतका. शिरूरला समजावून सांगावं लागणार नाही.