आपण केलेली सर्वांत अवघड गोष्ट कोणती?

कृष्णाकाठ

काल सायंकाळी पुण्यात वाहतूक पोलिसांनी आमचा चौक चारही बाजूंनी अडवला आणि थोड्या वेळाने पोलिसांच्या गाडीमागून एक रुग्णवाहिका विमानतळाच्या दिशेने निघून गेली. शेजारच्या दुचाकीवरील तरुण कोणा मंत्र्याच्या नावाने बोटे मोडत होता. मला मात्र तो ग्रीन कॉरिडॉर असल्याचे लगेच उमगले, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचे हृदय अशाच मोकळ्या केलेल्या रस्त्याने दुसऱ्या शहरात गेले होते. तेव्हापासून मनात घोळणारे लिहून काढावे आणि आपलेही अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा.

अपघातानंतर भावाच्या मेंदूचे कार्य थांबल्याचे डॉक्टरांनी सांगितले. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ दोनदा तपासणी करते आणि दोन तपासण्यांमध्ये किमान ६ तासांचे अंतर ठेवावे लागते. या मधल्या वेळात अवयवदानाचा विषय निघाला. संमतीपत्रावर सही करण्याचा अधिकार भावजयीचा होता, पण ती एवढेच म्हणाली, "दादा, आईंना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही." आई गावी होती. तो गंभीर आहे, इतकेच तिला ठाऊक होते. म्हणजे मुलगा गेल्याचे सांगणे आणि त्याचे अवयव देऊ का हे विचारणे, ही दोन्ही कामे एकाच फोनवर माझ्याकडे आली. आजवर मी त्याहून अवघड काही केलेले नाही.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाकी सगळे द्या. डोळे मात्र नकोत, पुढच्या जन्मी त्याला दिसायला हवे." रुग्णालयातील एका नातलगाने "ही अंधश्रद्धा आहे, तिला समजावून सांगा" असा आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना बाहेर जायला सांगितले. आईने इतके दिले होते, त्यापुढे तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडे दिली. ती कोणाला मिळाली हे कळवले जात नाही, आणि आम्हीही शोध घेतला नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, त्यामुळे आपला अनुभव पलंगाच्या दुसऱ्या बाजूने अनेकदा पाहिला आहे. मेंदूमृत्यू ठरवताना रुग्णाला पुरेसा प्राणवायू देऊन काही मिनिटे व्हेंटिलेटरपासून वेगळे करतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढूनही तो स्वतःहून श्वास घेतो का, हे पाहतात. त्या वेळी खोलीतील सर्वांची नजर एकाच छातीवर खिळलेली असते. कितीही वर्षे नोकरी झाली, तरी त्या मिनिटांची सवय होत नाही.

माझ्यासाठी सर्वांत अवघड गोष्ट नोकरीच्या सुरुवातीची आहे. एका आईने माझा हात धरून विचारले, "सिस्टर, पोराचा हात गरम आहे, मग तो गेला कसा?" डॉक्टरांनी तिला सगळे समजावून सांगितले होते, तरी तिला ते माझ्याकडून ऐकायचे होते. हृदय स्वतःच्या लयीत काही काळ चालू शकते, श्वास मात्र यंत्र देत आहे, म्हणून अंग गरम आहे, असे मी सांगितले. त्यानंतर ती मला जवळ घेऊन रडली, आणि मला ड्यूटीवर असताना रडायचे नव्हते.

तिसरी घंटा

कृष्णाकाठ, आपल्याला आणि विशेषतः आपल्या आईंना नमस्कार.

मी घेणाऱ्यांपैकी आहे. आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास डायलिसिस आणि उन्हाळ्यातही मोजून मापून पाणी, हे सारे अंगवळणी पडले होते. आईने स्वतःचे मूत्रपिंड देण्याचे ठरवले, तेव्हा "नको" म्हणणे मला सोपे गेले आणि "हो" म्हणायला फार काळ लागला. देणाऱ्याचे कौतुक होते, तसे ते व्हायलाच हवे; परंतु ज्या बाईने आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितले नाही, तिच्या शरीरातील अवयव मागून घेताना मुलाला काय वाटते, हे सहसा कोणी विचारत नाही. तुझ्यावर कोणाचा दबाव नाही ना, असे तिला एकटीला बसवून विचारले गेले. बाहेर येऊन ती चिडून म्हणाली, "पोटात वाढवला तेव्हा कुणी विचारले नाही, ते आता विचारतात!"

नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि जुनी बहुधा तशीच ठेवतात. ते शरीराने नाकारू नये म्हणून गोळ्या मात्र आयुष्यभर घ्याव्या लागतात. एखादी गोळी चुकलीच, तर माझ्याआधी आईला कळते.

दुपारचा चहा

सर्वांचे वाचून डोळे भरून आले. रात्रपाळी, एक विचारते. माझ्या सासूबाईंचे वय ७८ असून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मधुमेहही आहे. त्यांना नेत्रदान करायचे आहे. चालेल का? आणि वेळ आली की त्या गोंधळात फोन करण्याचे भान राहील का, याचीच मला अधिक धास्ती वाटते.

रात्रपाळी

अवश्य चालेल. वय, मोतीबिंदू किंवा मधुमेह यांमुळे नेत्रदान अडत नाही. बुबुळे साधारण ६ तासांच्या आत काढावी लागतात. तोपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आजच घरातील सर्वांच्या फोनमध्ये जतन करावा, कारण इच्छापत्र भरलेले असले, तरी त्या वेळी नातलगांची संमती लागतेच. फोन करण्याची जबाबदारी सख्ख्या माणसाऐवजी एखाद्या शेजाऱ्यावर सोपवून ठेवावी, असे मी अनुभवाने सांगते.

कोरडी विहीर

या अनुभवांच्या रांगेत माझा अनुभव लिहिताना संकोच होतो, तरीही लिहिते. मी पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकले. लहानपणी गावी भावांच्या कमरेला पांगाऱ्याचे बिंडे बांधून त्यांना विहिरीत ढकलले जात असे आणि आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळत असू. ती राखणदारी सोडून महापालिकेच्या तलावावर महिलांच्या वर्गात नाव घातले. पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडायचा असतो, हे डोक्याला पटले तरी नाकाला पटत नव्हते. माझ्या मुलाच्या वयाचा प्रशिक्षक "काकू, दांडी सोडा" म्हणून काकुळतीला येई. शेवटी ती सोडली, गटांगळीही खाल्ली, आणि आता खोल भागातून पलीकडे जाते. भाऊ म्हणतात, आता विहिरीत येऊन दाखव. विहीर आटली आहे, म्हणून ते वाचले.

कृष्णाकाठ

संकोच कशाला? आपला प्रतिसाद वाचून आज प्रथमच हसलो. बिंड्याची दोरी सैल सुटण्याचा प्रसंग आम्हा दोघा भावांवरही आला होता, पण तो पुन्हा केव्हा तरी लिहीन.

पाऊलवाट

मी दारू सोडली. सोडतानाचे दिवस भयंकर होते. हात थरथरत, झोप नसे, आणि भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसत. परंतु तेव्हा आजूबाजूला डॉक्टर होते आणि औषधेही होती. खरी कसोटी घरी आल्यावर लागली. आमच्या आगरी समाजात हळदीची रात्र मोठी असते आणि त्या रात्री नातलगाच्या हातचा पेला नाकारणे म्हणजे नाते नाकारणे, असे मानणारे अजूनही आहेत. पहिल्या हळदीला मी गेलोच नाही, तर चुलते वर्षभर बोलले नाहीत. दुसऱ्या हळदीला गेलो, आणि "आज नको" एवढेच उत्तर प्रत्येकाला देत राहिलो. "आता कायमची सोडली" असे म्हटले की वाद सुरू होतो. "आज नको" म्हटले की समोरचा माणूस उद्याच्या आशेवर निघून जातो.

पुढच्या महिन्यात पुतणीची हळद आहे. त्या रात्री जेवणाच्या पंगतींची जबाबदारी मी मागून घेतली आहे आणि पेल्यांचे टेबल मांडवाच्या कोणत्या टोकाला असेल, हेही चुलत्यांशी बोलून ठरवले आहे.