कॅनोनेट क्यूएल१७ जी-३: जोडप्रतिमा जुळत नाही

प्रश्न: १९७२ साली बाजारात आलेला हा रेंजफाइंडर कॅमेरा (ज्यात दर्शिकेतील दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून वस्तूचे अंतर जुळवतात, म्हणजेच अंतरमापकाचा कॅमेरा) नुकताच माझ्याकडे आला आहे. दूरची वस्तू पाहताना, भिंग अनंतावर ठेवूनही, मधल्या पिवळसर चौकटीतील दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नाहीत. शिवाय मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. कॅमेरा वापरण्याजोगा आहे का?

प्रतिसाद १: नक्कीच आहे. प्रथम रात्री चंद्रावर रोखून पाहा. प्रतिमा आडव्या दिशेने सरकलेल्या दिसल्या, तर अंतरमापकाची जुळणी बिघडलेली आहे आणि जाणकार दुरुस्तकाला ती सहसा पूर्ववत करता येते. मूळ बॅटरी १.३५ व्होल्टची होती. १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातल्यास प्रकाशमापक चुकतो, म्हणून श्रवणयंत्रातील झिंक-एअर बॅटरी बसवावी, कारण तिचा दाब सुमारे १.४ व्होल्ट असतो. ती काही आठवड्यांत संपते, हे मात्र खरे. शटर पूर्णतः यांत्रिक असल्याने बॅटरीशिवायही हाताने भिंगाचे छिद्र व शटरचा वेग ठरवून छायाचित्रे घेता येतात, आणि मला तर तीच पद्धत अधिक आवडते.

प्रतिसाद २: दर्शिकेतून पाहताना आपण भिंगातून पाहत नसतो, त्यामुळे झाकण तसेच राहिले तरी कळत नाही, माझा एक संपूर्ण रोल असाच कोरा गेला. पण त्याच रचनेमुळे, शटर उघडते त्या क्षणीही समोरचा चेहरा दिसत राहतो, आणि पानशटरचा (भिंगातच बसवलेल्या पातळ पात्यांच्या शटरचा) आवाज इतका मंद असतो की समोरच्याची तंद्री भंगत नाही.