मदत हवी आहे : कर्ज फिटलं, तरी सिबिलवर ‘सेटल्ड’च
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. आमच्या ह्यांचं जुनं पर्सनल लोन मागे तडजोडीत मिटवलं होतं. यंदा हळदीचे पैसे आले तशी बँकेने सोडलेली रक्कमही भरून टाकली. सही-शिक्क्याचं नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) हातात आहे, तरी सिबिल रिपोर्टात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’च (पूर्ण न भरता तडजोडीत मिटवलेलं) दिसतंय. लेकीच्या शैक्षणिक कर्जाला हेच सहकर्जदार, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

सिबिलकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाकलाय. शाखेत एकच उत्तर, ‘ते वरून होतं.’ नियमाने तक्रार 30 दिवसांत निकाली निघायला हवी, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई. मला भरपाई नको, नोंद ‘क्लोज्ड’ व्हायला हवी. कुणी बँकेच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्याकडून हे करून घेतलंय का? अर्जाला काय काय जोडलं? एक्सपेरियन, इक्विफॅक्स या सिबिलसारख्याच कंपन्यांनाही वेगळं कळवावं लागतं का?