पोहायचा पूल पीएचएमबीवरनं क्लोरीनवर आणायचाय, कसं करावं?

कळंबेकर: मंडळी नमस्कार. कळंब्याच्या पुढं पाहुण्यांचं फार्महाऊस हाय, ते आता आम्ही चालवायला घेतलंय. पूल 80 हजार लिटरचा, सँड फिल्टर. आधी क्लोरीनचा वास नको म्हणून पीएचएमबीचं लिक्विड (क्लोरीनऐवजी जंतू मारायचं औषध) आणि जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचे. ते इथं कुठं मिळंना, बाहेरनं मागवायचं तर परवडंना, वर कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर धरतोय. सरळ टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्या टाकल्या तर चालतंय काय?

रसायनवाला: गोळ्या आत्ताच नको भावा. पीएचएमबी आणि क्लोरीनचं अजिबात जमत नाही, पाणी तपकिरी नाहीतर हिरवट होतं आणि चिकट गाळ धरतो. त्यात पेरॉक्साइड शिल्लक असलं की टाकलेला क्लोरीन तिथंच संपतो, म्हणजे पैसे पाण्यात, खरोखरचे. आधी दोन्ही औषधं बंद करा, पेरॉक्साइड उतरू द्या, जमलं तर निम्मं पाणी बदला. मग ऊन उतरल्यावर साधं हायपो (पातळ क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट), 10 टक्केवालं ताजं असेल तर तुमच्या पुलाला 12 लिटरमागं साधारण 15 पीपीएम क्लोरीन (पुलाच्या लिटरभर पाण्यात 15 मिलिग्रॅम). सकाळी क्लोरीनची टेस्ट शून्य दाखवंल, घाबरायचं नाही, परत टाकायचं. पंप बंद करू नका, रोज ब्रश मारा, फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं). पाणी नितळ झालं आणि रात्रीत क्लोरीन उतरायचा थांबला की समजायचं काम झालं. तोवर कुणाला उतरू देऊ नका. गोळ्यांनी पीएच उतरतो आणि क्लोरीनचा जोर कमी करणारं सायन्युरिक अॅसिड साठत जातं, त्यामुळं एवढ्या मोठ्या डोसला त्या कामाच्या नाहीत, नंतर रोजच्याला वापरा. आणि हायपो नि गोळ्या एका बादलीत चुकून पण नको, विषारी गॅस होतो.

रांगडा_गडी: एवढा कुटाणा कशाला, सगळं पाणी सोडा वड्याला आणि नवीन भरा की, इषय संपला 😄

पूलवाले_काका: वड्याला सोडायचं नाव काढू नका, पीएचएमबी माशांना घातक असतंय. आणि पावसाळ्यात आपल्याकडं जमिनीत पाणी वर आलेलं असतंय, अशात टाकी पूर्ण रिकामी केली तर खालच्या दाबानं फायबरचा पूल वर उचलतोय, काँक्रीटला पण तडे जात्यात. भरायचंच झालं तर बोअरचं पाणी आधी तपासा, लोह असलं की क्लोरीन पडल्यावर ते पण तांबूस होतंय आणि मग माणूस गोंधळतोय की हे पीएचएमबीचं हाय का लोहाचं.

कळंबेकर: लई आभार काका. पूल फायबरचाच हाय, मग निम्मंच बदलतो. फिल्टरची वाळू पण बदलायची काय?

पूलवाले_काका: व्हय, पण पाणी नितळ झाल्यावर, आधी नको, न्हाईतर नवीन वाळू पण त्याच गाळानं चिकटंल. नदीची घेऊ नका, फिल्टरची धुतलेली सिलिका सँड मागा, 0.4 ते 0.8 एमएमची.