परदेशातील पारशी समाज : विधींचा अधिकार वंशाचा की शिक्षणाचा?

टोरोंटोकर :
शेजारच्या पारशी आजी गेल्या, त्या दिवशीचा प्रसंग मनातून जात नाही. गेह-सारनासाठी (मृतदेहाजवळच्या प्रार्थनाविधीसाठी) दोन एरवद (दीक्षा घेतलेले पारशी धर्मगुरू) लागतात. दोघांनी पांढऱ्या कापडाचा पैवंद (दोघांना जोडणारा दुवा) धरून, तोंडाला पदान (मुखवस्त्र) बांधून अहुनवैती गाथा (अवेस्ता या धर्मग्रंथातील प्रार्थना) म्हणायची असते. एक एरवद आपल्या कचेरीतून निघून वेळेवर आले, परंतु दुसरे दोन तासांच्या अंतरावरून येईपर्यंत सारे कुटुंब थांबून राहिले. इथले बहुतेक मोबेद, म्हणजे धर्मगुरू, असेच नोकरी सांभाळून, निव्वळ सेवाभावाने हे काम करतात आणि त्यांची संख्या पुरत नाही. उत्तर अमेरिकेतील मोबेदांच्या परिषदेने म्हणूनच अथोरनान (वंशपरंपरागत धर्मगुरूंच्या) घराण्याबाहेरील बेहदिनांना (सामान्य पारशांना) शिकवून मोबेदयार (सहायक मोबेद) करण्याचा मार्ग काढला, तर तेहरानच्या मोबेद परिषदेने २०११ मध्ये स्त्रियांनाही मोबेदयार म्हणून मान्यता दिली. जशन (मंगल प्रार्थनाविधी) असो वा अंत्यविधी, ज्याला प्रार्थना शुद्ध येतात त्याला पूर्ण अधिकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दादरकर :
आपली कळकळ समजते, परंतु मी अथोरनान घराण्यातला आहे आणि लहानपणी माझा नावर (धर्मगुरूची पहिली दीक्षा) झाला आहे, म्हणून विरोध नोंदवतो. नावर म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होणे नव्हे. नऊ रात्रींचा बराशनूम (शुद्धीकरणाचा एकांतवास), तोही दोनदा. त्या काळात कोणाला शिवायचे नाही, ठरल्या वेळी प्रार्थना चुकवायची नाही, आणि काही मोडले तर पुन्हा आरंभापासून. इथल्या दादर अथोरनान संस्थेत १९१९ पासून मुले यस्ना या मुख्य पूजापाठाचे ७२ अध्याय मुखोद्गत करत आली आहेत. हे सारे न करता तोच अधिकार मिळणार असेल, तर उद्या कोणते आईवडील मुलाला या वाटेवर पाठवतील? परदेशातील समाजाने दर-ए-मेहरच्या (अग्निमंदिरांच्या) सुंदर इमारती उभारल्या. त्याच समाजाने मोबेदाला पूर्णवेळ पगार आणि राहायला घर द्यावे.

पुणेकर :
पगाराची सूचना मला पटते, तरीही प्रश्न केवळ संख्येचा नाही. परधर्मीय जोडीदाराच्या मुलांची नवजोत (धर्मदीक्षा) करावी की नाही, हे तिकडे पुष्कळदा त्या एकट्या मोबेदाच्या विवेकावर येऊन पडते. मुंबईत २००९ मध्ये पारशी पंचायतीने असे विधी करणाऱ्या दोन मोबेदांना डुंगरवाडीत (पारशांच्या अंत्यविधीच्या जागी) काम करण्यास बंदी घातली होती, आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. जो मोबेद पगारासाठी विश्वस्तांवर अवलंबून असेल, त्याला हा निर्णय निर्भयपणे घेता येईल का? मला शंका आहे.

टोरोंटोकर :
दादरकर, बराशनूमाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मात्र इथली कित्येक मुले सुट्टीत भारतात येऊन नावर होतात आणि परतल्यावर शिक्षण व नोकरीत अशी गुंततात की वर्षाकाठी एखाद्या जशनालाच उभी राहतात. ज्या बेहदीन बाईने पन्नाशीत अवेस्ता शिकून दर आठवड्याला रुग्णाच्या उशाशी बसून प्रार्थना म्हटली, तिला अंत्यविधीच्या वेळी मागे उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

दादरकर :
रुग्णाच्या उशाशी तिने जरूर बसावे, त्याला कोणाचीच हरकत नाही. माझा आक्षेप अग्नीपाशी सुरू होतो. ह्यूस्टनमध्ये २०१९ साली आतश कदेह (अखंड अग्नीचे मंदिर) सुरू झाले. अखंड अग्नीला पाचही गेहांत (दिवसाच्या पाच प्रहरांत) बोय (चंदनाची आहुती) द्यावी लागते, आणि त्यातला उशाहिन गेह मध्यरात्रीनंतरचा. दुसऱ्या दिवशी कचेरी गाठायची असलेला माणूस, मग तो मोबेद असो वा मोबेदयार, हे वर्षानुवर्षे कसे सांभाळणार?